काळी, पांढरी आणि माझी चारशे डाळिंबं

  

गेल्या आठवड्यात शेवगाव तालुक्यातून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. आवाजावरून तेवीस-चोवीसचा असेल. म्हणाला, "दादा, दोन एकर आहे, बोअरला बऱ्यापैकी पाणी आहे, घरच्यांनी यंदा माझ्यावर सोडलंय. डाळिंब लावू का पेरू लावू, एवढंच सांगा." मी त्याला उलटा प्रश्न विचारला. "रानात खड्डा खणून बघितलाय का?" तो म्हणाला, "कसला खड्डा? झाडाचा?"

तर आजचा भाग त्या खड्ड्याबद्दल आहे. आणि आज मला माझीच एक गोष्ट सांगायचीय, जी मी इथं दोन वर्षं टाळली. कमेंटमध्ये अधूनमधून कुणीतरी विचारतं, "दादा, तुमच्या डाळिंबाचं काय झालं, नंतर फोटोच टाकला नाही." मेली. चारशेच्या आसपास झाडं होती, सगळी मेली. कशी मेली ते सांगतो, पण त्याआधी थोडा भूगोल घ्यावा लागेल. कंटाळू नका, हा दहावीच्या पुस्तकातला भूगोल नाहीये.

आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला भीमा, मधून प्रवरा आणि मुळा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो, छत्री उघडून उपयोग नाही असा. तिथून सव्वाशे किलोमीटर पूर्वेला नेवाशात या, वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. जिल्हा एकच, पण नदीला पाणी एका टोकाला मिळतं आणि तहान दुसऱ्या टोकाला लागते. या एका गोष्टीतून आपल्याकडचं बरंचसं राजकारण निघालं, आणि बरीचशी माती पण.

माती आली कुठून? खाली सगळा काळा पाषाण आहे, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. आता ही माती जिथं तयार झाली तिथंच राहत नाही. पावसानं उतारावरून खाली येते. म्हणून डोंगरमाथ्यावर आणि माळावर चार-सहा इंच बरड राहतं, मध्ये उतारावर फूट-दोन फूट मध्यम माती, आणि ओढ्याच्या, नदीच्या अंगाला तीन, चार, कुठं कुठं त्याहून जास्त फूट काळी भारी जमीन साचते. एका गावात, अहो एका गटात, तिन्ही जमिनी सापडतात. त्यामुळं "आमच्या गावाची जमीन कशी आहे" हा प्रश्न मला जरा चुकीचाच वाटतो. आमच्या घरची जमीन सात एकर, आणि तिच्यात तीन वेगवेगळी रानं आहेत. वरचं टेकाड, मधलं रान आणि खालची पट्टी. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येकाला वेगळं नाव घेऊन बोलतात, जशी तीन माणसं असावीत. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं.

प्रवरेच्या काठाचं प्रकरण अजून थोडं वेगळं. नदीनं हजारो वर्षं गाळ आणून टाकला, पिवळसर-तपकिरी गाळाचे जाड थर. संगमनेरच्या खाली नदीकाठानं फिरलात तर तुम्हाला या गाळात पडलेल्या घळी दिसतील, खोल, वाकड्या, मध्ये सुळक्यासारखी माती उभी. रील बनवायला लोक जातात तिथं. भूगोलाचे अभ्यासकही जातात, कारण नदी एकेकाळी गाळ टाकत होती आणि नंतर तोच गाळ कापत खाली गेली, याचा तो उघडा पुरावा आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की नदीकाठ म्हणजे सपाट काळीभोर जमीनच असं नाही. एका बांधावर पोयटा, पुढच्या बांधावर गोटे-वाळू, त्याच्या पुढे चिकण.

आणि या काठावर शेती काही आजची नाही. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे ऐकलंय? तिथं १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावानं एका अख्ख्या प्राचीन संस्कृतीला नाव पडलं, जोर्वे संस्कृती. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद तर तुम्ही ऐकलंच असेल, १९७४ मध्ये तिथं ते ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले. तिथल्या मातीत जळालेले धान्याचे दाणेही मिळाले. सातू, मसूर, वाटाणा. ही नावं नीट बघा. सगळी रब्बीची पिकं. पावसाळ्यात काळी जमीन पाणी पिऊन घेते आणि दिवाळीनंतर तेच पाणी पिकाला हळूहळू देते. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री होती.

आता माझी गोष्ट.

आमचं गाव राहुरी तालुक्याच्या उत्तरेला, प्रवरेच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. मी पुण्यात नोकरीला होतो. २०२० चा लॉकडाऊन लागला, मी लॅपटॉप घेऊन घरी आलो, आणि घरी आलेल्या प्रत्येक पोराला जे होतं ते मला झालं. संध्याकाळी बांधावर बसून शेतीचे व्हिडिओ बघायला लागलो. एका व्हिडिओत एक जण सांगत होता, एकरी एवढे लाख, भगवा डाळिंब, तिसऱ्या वर्षापासून पैसा. आणि हे भगवा वाण आलंय कुठून? आमच्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून. म्हटलं, घरचंच झाड, घराजवळ येणारच.

२०२१ च्या पावसाळ्यात लावायचं ठरलं. कुठं लावायचं? आमच्याकडं वरच्या टेकाडावर मुरमाड रान होतं, त्यात तूर आणि बाजरी व्हायची, कशीबशी. आणि खालची पट्टी, सव्वा एकर, काळी कुळकुळीत. मी काय विचार केला असेल? चांगल्या पिकाला चांगली जमीन. बरोबर ना? महागाचं झाड आहे, त्याला घरातली सगळ्यात भारी जमीन द्यायची.

अण्णा तेव्हा एकच वाक्य बोलले. "खालची पट्टी पाणी सोडत नाही बाबा." मी म्हणालो, "अण्णा, ड्रिप आहे, पाणी देणार किती ते आपल्या हातात आहे." आणि मी त्यांना मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. ते बघत राहिले. व्हिडिओतला माणूस खूप आत्मविश्वासानं बोलत होता. अण्णा उठून गेले.

मी माती तपासली नव्हती असंही नाही हं. आमच्याकडं मृदा आरोग्य पत्रिका होती. त्यात सामू, म्हणजे पीएच, ८.२ होता. आमच्या भागात हे नेहमीचं. मी म्हटलं, ठीक आहे.

पहिलं वर्ष झाडं छान. दुसऱ्या वर्षी पण छान, मी स्टोऱ्या टाकायचो. २०२३ मध्ये पहिला बहार धरायच्या वेळी एका ओळीतलं एक झाड पिवळं पडलं. एक फांदी, मग अख्खं झाड. मग शेजारचं. औषधाच्या दुकानात गेलो, त्यांनी एक दिलं, ओतलं. दुसऱ्या दुकानात गेलो, त्यांनी दुसरं दिलं, तेही ओतलं. त्या सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागला आणि नंतर दीड महिन्यात निम्मी बाग गेली. मर रोग. सगळा हिशेब धरून अडीच लाखाच्या वर गेले. त्यातले लाखभर रुपये ताईच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते. हे तिला मी त्याच वेळी सांगितलं नाही, नंतर सांगितलं. ती काही बोलली नाही. आमच्या घरात बोलत नाहीत, हा एक प्रॉब्लेम आहे.

झाडं उपटायला जेसीबी आणला होता, तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, इथं एक खड्डा घे, चार फूट. का म्हटलं मलाही माहीत नाही. खड्ड्यात उतरलो. वरची एक फूट माती भुसभुशीत, काळी, शेणखत घातलेली, छान. दीड फुटाखाली माती ढेकळासारखी घट्ट आणि ओली. पाऊस जाऊन महिना झालेला, तरी ओली. डाळिंबाची मुळं तिथपर्यंत आलेली आणि तिथं काळी पडून थांबलेली. तीन फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर खड्ड्याच्या तळाला पाणी साचलेलं होतं. वरून कुणी सोडलं नव्हतं. बाजूनं झिरपून आलेलं.

त्या खड्ड्यातली माती मी थराथरानं तपासून आणली. वरच्या फुटाचा सामू ८.३. दोन ते तीन फुटांच्या थराचा ८.९, ईसी म्हणजे क्षारांचं प्रमाण १.४, आणि विनिमययोग्य सोडियम १९ टक्के. हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, मी सोपं करतो. सामू साडेआठच्या आत पण ईसी चारच्या वर असेल तर ती खारवट जमीन, तिच्यात विरघळणारे क्षार आहेत, वर पांढरा थर येतो. उलट सामू साडेआठच्या वर, ईसी चारच्या खाली आणि सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. दोन्ही दुखणी एकत्र असतील तर खारवट-चोपण. आमची खालची पट्टी आतून चोपण झाली होती. वरून दिसत नव्हतं.

मग ती पत्रिका खोटी होती का? नाही. ती जे सांगते ते खरंच सांगते. २०१५ पासून ही योजना आहे, बारा गोष्टी त्यात तपासतात. सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं. पण नमुना वरच्या थराचा असतो. आणि तो बागायतीत अडीच हेक्टरच्या, जिरायतीत दहा हेक्टरच्या चौकोनातून एक घेतात. म्हणजे तो तुमच्याच रानातला असेलच असं नाही. मुख्य म्हणजे त्या पत्रिकेवर जमिनीची खोली नाही, चुनखडी नाही, सोडियम नाही. खताचा डोस ठरवायला ती बनवलीय, बाग ठरवायला नाही. मी तराजूनं उंची मोजत होतो.

आता सोडियमचं एवढं काय, तर हे बघा. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात आमच्या खालच्या पट्टीत भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. या भेगा पडताना झाडाची बारीक मुळं तुटतात. कपाशी, ज्वारीसारखं एका हंगामाचं पीक तोवर निघून गेलेलं असतं, डाळिंब मात्र तिथंच उभं असतं. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, सुटे होतात आणि सगळी बारीक छिद्रं बुजवून टाकतात. पाणी खाली जात नाही, हवा आत जात नाही. डाळिंबाला हलकी ते मध्यम, खाली मुरूम असलेली, पाणी चटकन सोडणारी जमीन लागते. म्हणजे आमचं वरचं टेकाड. ज्यात आम्ही बाजरी पेरत होतो.

(थोडा पॉज. मागं कुत्रं भुंकतंय, एडिटमध्ये काढणार नाही.)

पण ही पट्टी अशी झाली कशी? आजोबांच्या काळात यात गहू-हरभरा व्हायचा, तोही पाणी न देता. इथं आपल्याला भंडारदऱ्याला जावं लागेल. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, विल्सन डॅम. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यातून दोन कालवे निघाले, डावा आणि उजवा. दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं. त्याच्या आसपासच हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला, आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. त्याबद्दल बोलायला वेगळा भाग लागेल, आज नको. आजच्यापुरतं एवढंच, की ऊस आला.

आता गणित करा. सुरू उसाला पाटानं पाणी दिलं तर साधारण २५० सेंटिमीटर लागतं, म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाच्या पाचपट. ते पाणी अशा मातीत ओतलं जी पाणी खाली सोडत नाही. काही वर्षांत खालची पाण्याची पातळी वर येते. उन्हानं वरची माती सुकते, तेव्हा दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी वर चढतं आणि उडून जातं. क्षार मात्र वरच राहतात. आणि ते धुऊन न्यायला पाचशे मिलिमीटर पाऊस पुरत नाही. कोकणात ही भानगडच नाही, तिथला पाऊस सगळं धुऊन समुद्रात नेतो.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही! दख्खनच्या कालव्यांवर जमिनी पाणथळ आणि खारवट होतायत हे इंग्रजांच्या इंजिनिअरांना शंभर वर्षांपूर्वी दिसत होतं. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, आणि तिथल्या बसू आणि सिरूर या संशोधकांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे यांच्याखालच्या जमिनींचं सर्वेक्षण करून १९३८ मध्ये छापलं. खड्डे खणून, थर बघून, कोणत्या मातीला किती पाणी झेपतं हे ठरवण्यासाठी. म्हणजे माझ्या पणजोबांच्या वेळी आमच्या पट्ट्यात कुणीतरी खड्डे घेऊन बघून गेलं होतं. नव्वद वर्षांनी मी जेसीबीनं तोच खड्डा घेतला, फक्त आधी बाग लावून.

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असायचे, माहितीये? काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. कालव्याखाली काही ठिकाणी काळीचीच पांढरी झाली. उन्हाळ्यात जाऊन बघा, लांबून वाटतं कुणी चुना टाकलाय.

हे मी घरी बोललो तेव्हा तात्या, माझे चुलते, भडकले. म्हणाले, "उसाला नावं ठेवू नको. ऊस हाय म्हणून हे घर उभं राहिलं. तुझी फी कशातून भरली?" ते खरं आहे. हमी असलेला भाव, तोडणी कारखान्याची, गारपीट झाली तरी काहीतरी हातात येतं. डाळिंबाला ह्यातलं काय आहे? मला ऊस वाईट म्हणायचं नाहीये. निचरा असलेल्या मध्यम-भारी जमिनीत, ठिबकवर, फेरपालट करून ऊस घेणाऱ्यांच्या जमिनी चांगल्या राहिल्यात, आमच्याच गावात आहेत. बिघडलं ते पाणी आत घेण्याची सोय झाली आणि बाहेर काढण्याची झाली नाही म्हणून.

बरं, मग कुठं काय घ्यायचं? यादी नाही देत, कारण यादी दिली की लोक स्क्रीनशॉट काढतात आणि खड्डा खणत नाहीत. पण ज्वारीचं एक उदाहरण घ्या, ते मला फार आवडतं. ज्वारी ती ज्वारी असं आपल्याला वाटतं ना? राहुरी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे वाणच जमिनीच्या खोलीप्रमाणे काढलेत. फूटभर हलक्या रानासाठी फुले अनुराधा. दोन फुटांपर्यंत मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी. आणि दोन फुटांच्या पुढं भारी जमीन असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा. कारण साधं आहे. जमिनीत पाण्याची टाकी केवढी, त्यावर पीक किती दिवस उभं राहील हे ठरतं. हलक्या रानात लवकर येणारी पेरायची, टाकी रिकामी व्हायच्या आत कणीस भरलं पाहिजे. म्हणजे खोली माहीत नसेल तर ज्वारीचं बी सुद्धा नीट निवडता येत नाही. आणि आपण खोली न बघता पंधरा वर्षांची बाग लावतो. "आपण" म्हणजे मी.

खारवटपणा ओळखायला हरभरा बघा. तो फार नाजूक. रानात ठिगळा-ठिगळानं हरभरा पिवळा पडून करपत असेल तर फवारणीच्या आधी क्षारांचा संशय घ्या. मूग, उडीद, तूर यांनाही झेपत नाही. गहू, कपाशी, ज्वारी बऱ्यापैकी सोसतात, सातू तर चांगलाच सोसतो. उसात पाडेगावचाच फुले २६५ हा वाण अशा जमिनीत इतरांपेक्षा तग धरतो. फळझाडांत चिकू, बोर, आवळा.

आणि शेवगाव-नेवाशाच्या मित्रांनो, तुमच्याकडं तर चौथी जमीन आहे, नाथसागराची गाळपेर. जायकवाडीचं पाणी उन्हाळ्याकडं मागं सरकतं आणि खालून ओली गाळाची जमीन निघते, तिच्यात लोक हरभरा, गहू, कलिंगड काढतात. दायमाबादवाल्यांचीच पद्धत, फक्त पूर धरणाचा. पुढच्या वर्षी पाणी किती दिवस राहील यावर सगळा जुगार, आणि ज्यांची मूळ जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांना विचारलं तर गाळपेर शब्दाची चव वेगळी लागते.

पारनेर, पाथर्डी, नगर तालुक्याचा माळ, तिकडं हलकी जमीन आणि पाणी कमी. हिवरे बाजारनं ऊस आणि केळी बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे बंद केले, ते आदर्श म्हणवून घ्यायला नाही. खाली टाकीच छोटी होती. पाथर्डी-शेवगावात २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस कोसळला तेव्हा ओढ्याकाठची माती खरडून गेली, काही रानांत नुसता दगड उरला. त्यांना "सुधारणा कशी करायची" हे सांगायला मी कोण.

पण ज्यांच्याकडं माती आहे त्यांनी हे दोन प्रयोग करा. पहिला, खड्डा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल. वरचं, मधलं, खालचं, तिन्ही रानात वेगळा. एका बाजूची भिंत खुरप्यानं साफ करा आणि फोटो काढा, शेजारी टेप धरून. मुरूम कुठं लागतो, पांढरे खडे कुठं सुरू होतात, मुळं कुठं थांबतात, ओल कुठं आहे. बाग लावायची असेल तर शून्य ते एक फूट, एक ते दोन, दोन ते तीन असे वेगळे नमुने भरा, पिशवीवर खोली लिहा, आणि प्रयोगशाळेत सांगा की चुनखडी आणि सोडियमही हवंय.

दुसरा प्रयोग फुकट आहे. खालच्या थरातलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, विहिरीचं नको, तिच्या पाण्यातल्या क्षारांमुळं निकाल लपतो. ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. नुसतं फुटून तळाला बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पण ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग तयार झाला आणि तासाभरानंही बसला नाही, तर सोडियमचा संशय घ्या आणि प्रयोगशाळा गाठा. आमच्या पट्टीतल्या ढेकळाचा ग्लास सकाळपासून संध्याकाळपर्यंत गढूळ होता. अण्णांनी तो खिडकीत ठेवला आणि येईल त्याला दाखवला. मला जरा लाज वाटली. त्यांना बहुतेक बरं वाटत होतं.

उपाय आहेत का? आहेत. चोपण जमिनीला जिप्सम, कारण जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतं. चुनखडी भरपूर असेल तर गंधक, ते मातीत आम्ल तयार करतं आणि तिथलंच कॅल्शियम मोकळं होतं. किती टाकायचं ते तपासणीवरूनच. मग धैंचा पेरून गाडायचा. पण मंडळी, हुसकावलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसेल तर तो तिथंच राहणार आणि जिप्समचे पैसे मातीत, शब्दशः. म्हणजे आधी चर. उघडा चर, किंवा जमिनीखाली छिद्रांचे पाईप, किंवा काळ्या जमिनीसाठी ट्रॅक्टरनं ओढायचा मोल निचरा, तो स्वस्त पडतो पण काही वर्षांनी परत करावा लागतो.

आणि चराचं पाणी जाणार कुठं? ओढ्याला. आमच्या पट्टीपासून ओढा दोनशे मीटर लांब, मध्ये दोघांची रानं. एकाची पट्टी आमच्यासारखीच गेलीय, तो लगेच तयार झाला. दुसऱ्याचं रान अजून चांगलं आहे. त्यानं का म्हणून मधून चर जाऊ द्यावा? तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला तात्या स्वतः गेले, जे माझ्याशी चार महिने धड बोलत नव्हते. काय बोलले माहीत नाही. परत येऊन म्हणाले, "पाईप जमिनीखालून घालायचा, उघडा चर नाय. आणि त्याच्या बांधाला धक्का लागला तर मी बघंन तुझ्याकडं."

पाईप गेल्या मे महिन्यात पडला. जिप्सम शेणखतात मिसळून टाकलं, पावसाळ्यात धैंचा केला. तीन फुटांचा सामू परवा आला, ८.९ चा ८.७ झालाय. एवढाच. तात्यांना यंदा तिथं ऊस लावायचा होता, मला गहू. अण्णा म्हणाले सातू पेरा, म्हणजे कुणाचंच नाही. बी शोधतोय, कुणाकडं असेल तर कळवा.

वरच्या टेकाडावर मी पन्नास डाळिंबं लावलीत. चारशे नाही, पन्नास. त्याचे फोटो टाकणार नाहीये.

शेवगावच्या मित्रानं काल खड्ड्याचा फोटो पाठवला. सव्वा फुटावर मुरूम लागलाय, चुनखडी नाही. तो म्हणतोय, म्हणजे लावू ना? मी म्हटलं, दुसऱ्या एकरात पण खण. तर तुम्हीही तुमचे खड्डे आणि ग्लास पाठवा, टेप धरून, तालुका लिहून. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन आपल्यासोबत मृदाशास्त्राच्या एक निवृत्त मॅडम बसणार आहेत, आणि त्यांनी आधीच सांगितलंय की धूसर फोटो बघणार नाही. भेटू.